आगीचा बंब व त्याची निगा

चुलीतला विस्तव घर राखतो आणि चुलीबाहेर पडलेला विस्तव घर खातो, हे आपल्या आयाबहिणी आपणांस लहानपणीच शिकवितात. आपल्या हिंगोली जिल्ह्यात ह्या शिकवणीचा विसर पडून चालत नाही. दिवाळीनंतर जिनांच्या आवारांत कापसाचे ढीग लागतात. माघ-फाल्गुनात हळद शिजविण्याच्या भट्ट्या पेटतात. आणि चैत्र-वैशाखात कडब्याच्या गंजी इतक्या वाळलेल्या असतात की, एक ठिणगी पुरे होते. अशा दिवसांत लाल रंगाचा बंब भोंगा वाजवीत रस्त्याने धावू लागला की, लहानथोर सर्वांचे डोळे त्याजकडे लागतात व बंबवाल्यांच्या धाडसाचे कौतुक होते. ते कौतुक योग्यच आहे. परंतु बंब आगीवर धावतो तो वर्षातील काही थोडे तास. उरलेला सर्व काळ तो आपल्या ठाण्यात उभा असतो. आग आटोक्यात येणार की नाही, हे पुष्कळ वेळा त्या उभे राहण्याच्या काळातच ठरून गेलेले असते. ती गोष्ट कशी, हे विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.

घोड्याचा बंब आणि मोटारीचा बंब

पूर्वी गावात आग लागली म्हणजे विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागे व हातोहात घागरी पुढे जात. मुंबईसारख्या मोठ्या शहरास हे पुरेना, म्हणून इ. स. १८५५ मध्ये तेथे पोलिसांच्या देखरेखीखाली घोड्यांनी ओढावयाच्या बंबांची व्यवस्था झाली. इ. स. १८८७ पासून मुंबईचे अग्निशमन दल रीतसर अस्तित्वात आले आणि १९०७ साली त्या दलात मोटारीचा पहिला बंब दाखल झाला.

घोडा जाऊन मोटार आली, ह्यात वेगाचा मोठा लाभ झाला. पण एक गोष्ट हातची गेली. घोडा भुकेला झाला म्हणजे खिंकाळतो, नाल निखळला म्हणजे लंगडतो. त्याची आबाळ त्याच दिवशी मालकाच्या ध्यानात येते. मोटार मुकी आहे. तिच्या बॅटरीतील शक्ती हळूहळू उतरत असली, पंपाच्या सांध्यातून हवा आत शिरत असली, नळीला घडीच्या जागी चीर पडत असली, तरी ती काही बोलत नाही. ती बोलते ती एकदाच, आणि तेही आग लागल्यावर. यास्तव मुक्या यंत्राची विचारपूस मनुष्याने स्वतः होऊन करावयाची असते. ह्या विचारपुशीलाच निगा म्हणतात.

हा बंब कोणाचा, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात नगरपरिषदांविषयीचा जो १९६५ सालचा अधिनियम आहे, त्याने आग विझविण्याची व्यवस्था ठेवणे हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य ठरविले आहे. आणि १९९२ सालच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेस जी बारावी अनुसूची जोडली गेली, तीत नगरसंस्थांच्या कामांमध्ये अग्निशमन सेवेचा उल्लेख आहे. आपला जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला; त्यात हिंगोली, वसमत व कळमनुरी ही नगरपरिषदांची गावे आहेत. तेव्हा बंब हा कोणा दूरच्या सरकारचा नव्हे. तो आपल्या करातून चालणारा, आपल्याच गावाचा आहे.

पाण्याचे गणित

पाणी आग का विझविते, हे आधी पाहू. एक किलो पाणी तीस अंशांपासून उकळीपर्यंत तापण्यास सत्तर किलोकॅलरी उष्णता लागते. परंतु त्याच उकळत्या पाण्याची वाफ होण्यास आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. ही सर्व उष्णता पाणी जळत्या वस्तूपासून ओढून घेते. शिवाय वाफ झाली म्हणजे पाण्याचे आकारमान सुमारे सतराशे पट वाढते व ती वाफ आगीभोवतालची हवा दूर लोटते. म्हणून कसलेला बंबवाला पाण्याचा लोट आंधळेपणाने फेकीत नाही. जेथे गरज असेल तेथे तो पाण्याचे बारीक तुषार करितो, म्हणजे थोड्या पाण्याची पुष्कळ वाफ होते.

आता बंबातील पाणी किती? आपल्या देशात भारतीय मानकाप्रमाणे बांधलेला ‘ब’ प्रकारचा जो पाण्याचा बंब असतो, त्याच्या टाकीत ४५०० लिटर पाणी मावते व त्याचा पंप मिनिटास १८०० लिटर पाणी फेकू शकतो. हा पंप पूर्ण जोराने चालविला तर टाकी किती वेळात रिकामी होईल, हे पाचवीतील मुलगाही सांगेल: अवघ्या अडीच मिनिटांत! एकाच नळीतून मिनिटास ४५० लिटर सोडावयाचे ठरविले, तरी दहा मिनिटांत टाकीचा तळ दिसतो. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. टाकीला बारीकशी गळती असून ती चार दिवसांत पाचशे लिटरांनी कमी झालेली असेल आणि ते कोणी पाहिले नसेल, तर आगीवरील दहा मिनिटांपैकी एका मिनिटाहून अधिक वेळ आधीच वाया गेलेला असतो. आणि दुसरे असे की, बंब आला म्हणजे पाणी आले, असे समजून स्वस्थ बसू नये. दहा मिनिटांनंतरचे पाणी कोठून आणावयाचे, हे गावाने आधीच ठरविलेले असले पाहिजे.

विहीर जवळ असून पाणी दूर

येथे कोणी म्हणेल, ‘गावात विहीर आहे, बंबाची सोंड तीत सोडावी, म्हणजे झाले.’ येथेच पदार्थविज्ञानाचा एक धडा उपयोगी पडतो. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो खरे. पण तो पाणी ओढीत नाही. तो नळीतील हवा काढून टाकतो आणि बाहेरील हवेचा दाब विहिरीतील पाण्यास नळीत वर लोटतो. इ. स. १६४३ मध्ये इटलीत टॉरिसेली ह्याच्या प्रयोगाने हे सिद्ध झाले की, हवेचा दाब पाऱ्यास सुमारे ७६ सेंटिमीटर उचलून धरतो. पाण्याच्या भाषेत हीच उंची सुमारे १०.३ मीटर होते. ही झाली समुद्रकाठची कमाल मर्यादा. हिंगोली समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांच्या आसपास उंच असल्याने येथे ती थोडी कमी भरते. आणि नळीतील घर्षण, सांध्यांतून झिरपणारी हवा इत्यादी वजा जाता प्रत्यक्षात सात मीटरांपलीकडील पाणी उचलण्याचा भरवसा धरता येत नाही.

वैशाखात आपल्या भागातील पुष्कळ विहिरींचे पाणी ह्याहून खोल गेलेले असते. म्हणजे आगी अधिक लागण्याचे जे दिवस, तेच विहिरी बंबाला न पुरण्याचे दिवस होत. विजेवर चालणारा, पाण्यात बुडालेला पंप खालून पाणी वर ढकलतो, म्हणून त्याला ही मर्यादा नाही. परंतु आगीच्या वेळी पुष्कळदा वीज बंद करावी लागते. ह्यासाठी शेततळे, भरलेला हौद, पाण्याचा टँकर, यांपैकी काय जवळ आहे व तेथवर बंब जाण्याजोगा रस्ता आहे की नाही, हे ठाण्यातील मनुष्यास पाठ असावे लागते.

ज्या पंपाने हवा काढावयाची, त्याच्या प्रत्येक सांध्यात रबराची कडी असते. तिची किंमत फार नसते. पण ती सुकून तडकली म्हणजे बाहेरील हवा आत शिरते आणि लाखो रुपयांचा बंब विहिरीच्या काठावर निरुपयोगी होऊन उभा राहतो. निगेचे मर्म ह्या कडीत साठविलेले आहे.

रोजची, आठवड्याची आणि महिन्याची कामे

चांगल्या ठाण्यात पाळी बदलली म्हणजे नवी पाळी प्रथम बंबाची तपासणी करिते. इंजिन सुरू करून पाहणे, डिझेल, तेल व थंडाव्याचे पाणी पाहणे, बॅटरी, दिवे व भोंगा तपासणे, टाकी काठोकाठ भरलेली आहे की नाही हे झाकण उघडून डोळ्यांनी पाहणे, ही रोजची कामे होत. चाकांची हवा रोज पाहण्याचे एक विशेष कारण आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे भरलेल्या टाकीत साडेचार टन ओझे आहे. मालमोटार माल उतरल्यावर हलकी होते. बंबाच्या चाकांवर मात्र हे ओझे रात्रंदिवस असते. उभ्या बंबाचीही चाके झिजतात, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आठवड्यातून एकदा पंप प्रत्यक्ष पाण्यावर चालवून पाहावा. सोंडेच्या तोंडाशी जी जाळी असते, तीत शेवाळ, पालापाचोळा किंवा प्लास्टिकचा कागद अडकलेला नाही ना, हे पाहावे. शिड्या उघडून मिटाव्या. कुऱ्हाडी, पहारी व आकडे गंजले असल्यास घासावे. दोर हातातून सोडीत त्याचा प्रत्येक पीळ तपासावा, कारण त्या दोरावर एखादे दिवशी माणसाचा जीव तोलावयाचा असतो. धुरात शिरण्याचा जो श्वसनसंच असतो, त्याच्या नळकांड्यातील हवेचा दाब पाहावा व मुखवटा स्वच्छ धुऊन ठेवावा.

ज्या नळीने पाणी आगीवर जाते, तीस बंबवाले ‘होज’ म्हणतात. ही नळी पंधरा किंवा तीस मीटर लांबीची असते. आगीवरून परत आल्यावर माणसे थकलेली असतात. परंतु त्या वेळी नळी चिखलासकट गुंडाळून ठेवली तर ती कुजू लागते. म्हणून ती धुऊन, उंच मनोऱ्यास टांगून, सावलीत वाळवावी लागते. जुन्या ठाण्यांत जो उंच मनोरा दिसतो, तो केवळ शोभेचा अथवा टेहळणीचा नव्हे. नळ्या वाळविण्याची ती जागा होय. पुन्हा गुंडाळताना पूर्वीच्याच घडीवर घडी पडू देऊ नये, नाहीतर तेथेच ती फाटते. घरी आई रेशमी लुगड्याची घडी अधूनमधून मोडून ठेविते, त्यातलेच हे शहाणपण आहे.

दोन नळ्या जोडणाऱ्या पितळी तोंडांस कपलिंग म्हणतात. ती सर्वत्र एका मापाची असावी लागतात. ह्या बाबतीत अमेरिकेतील बाल्टिमोर शहराची हकीकत बोधप्रद आहे. तेथे ७ फेब्रुवारी १९०४ रोजी मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून बंब मदतीस धावून आले. पण पुष्कळांच्या नळ्यांची तोंडे बाल्टिमोरच्या नळांस बसेनात! माणसे होती, यंत्रे होती, पाणीही होते. केवळ मापाचा मेळ नव्हता. त्या आगीत सुमारे पंधराशे इमारती जळाल्या. आपल्या देशात कपलिंगांची मापे भारतीय मानकाने ठरवून दिलेली आहेत. मोठ्या आगीच्या वेळी हिंगोलीच्या मदतीस नांदेड, परभणी किंवा वाशीम येथून बंब बोलवावा लागला, तर हे माप जुळणे म्हणजेच मदत मिळणे होय. म्हणून स्वस्त मिळाले म्हणून भलत्या मापाचे साहित्य घेऊ नये, आणि दुरुस्तीत जुगाड करून वेळ मारून नेऊ नये.

केलेल्या प्रत्येक तपासणीची नोंद वहीत झाली पाहिजे. ‘सर्व ठीक’ असे एक वाक्य रोज उतरविणे म्हणजे नोंद नव्हे. कोणती वस्तू पाहिली, तीत काय उणे आढळले, ते कोणाला कळविले व कोणत्या दिवशी दुरुस्त झाले, हे जीत आढळते तीच खरी नोंदवही.

ठाणे कसे असावे

बंबाचे ठाणे म्हणजे मोटार ठेवावयाची पडवी नव्हे. त्याची दारे रुंद व एका झटक्यात उघडणारी असावी आणि त्यांच्यासमोर कोणाचीही गाडी उभी राहू नये. जमीन पक्की व बाहेरच्या बाजूस उताराची असावी, म्हणजे पाणी साचत नाही व इंजिनातून तेल गळत असल्यास कोरड्या जमिनीवर डाग लगेच दिसतो. टाकी पुन्हा भरण्यासाठी मोठा हौद व वरून जोराने पाणी सोडणारा नळ असावा. टेलिफोनपाशी रात्रंदिवस जागा मनुष्य असावा. १०१ किंवा ११२ ह्या क्रमांकावरून आलेली हाक घेताना गाव, गल्ली, जवळची खूण आणि काय जळत आहे, ह्या चार गोष्टी त्याने शांतपणे विचारून घ्याव्या. भिंतीवर तालुक्याचा मोठा नकाशा असावा व त्यावर पाण्याच्या जागा, अरुंद पूल, कापसाची जिने, पेट्रोलचे पंप व शाळा यांच्या खुणा केलेल्या असाव्या. माणसांस निजावयास स्वच्छ जागा व कवायतीस मोकळे पटांगण असावे. कारण ज्यांच्याकडून आपण सावधपणाची अपेक्षा करितो, त्यांच्या विश्रांतीची काळजी घेणे हाही निगेचाच भाग आहे. अशा माणसांच्या व अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी आपल्याच राज्यात नागपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

कापसातील दडलेली आग

सर्व सज्जता असूनही बंब हरतो, असे प्रसंग येतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाच्या जहाजास आग लागली. त्यात सुमारे १४०० टन स्फोटक द्रव्ये होती व त्याच जहाजात कापसाच्या गाठीही भरलेल्या होत्या. बंबवाल्यांनी जहाजात पाण्याचे लोट सोडले. तथापि आग हाती लागेना. सायंकाळी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला भयंकर स्फोट झाला व सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. आपली जागा न सोडलेले ६६ बंबवाले त्या दिवशी कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ आपल्या देशात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात व तेथून सप्ताहभर लोकांस आगीपासून बचावाचे शिक्षण देतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीचाही हाच दिवस असल्याने तो कोणासही विसरणे शक्य नाही.

ह्या घटनेत आपणासारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यासाठी एक धडा आहे. दाबलेल्या गाठीत आग आतल्या आत धुमसत राहते. वरून विझली असे वाटले तरी ती काही तासांनी पुन्हा डोके वर काढते. म्हणून जळलेला ढीग फोडून, पसरून, भिजवून त्यावर पहारा ठेवल्यावाचून बंबास परत पाठवू नये. आणि दुसरा धडा असा की, ज्या वस्तू एकत्र ठेवू नयेत त्या एकत्र रचण्याचा निष्काळजीपणा एकदा झाला, म्हणजे पुढे शूरांचे प्राणही त्याची भरपाई करू शकत नाहीत.

आपले कर्तव्य

सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील एखादे खेडे बंबापासून वीस किलोमीटर दूर आहे असे धरा. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने बंब अर्ध्या तासात पोहोचेल. आणि आपले रस्ते पाहता हा हिशेब उदारपणाचाच आहे. तोवर गावाचे रक्षण गावानेच करावयाचे आहे. कडब्याची गंज घरापासून व विजेच्या तारांपासून दूर रचावी. हळदीच्या भट्टीजवळ पाण्याचे पिंप व वाळूच्या बादल्या भरून ठेवाव्या आणि रात्री निखारे विझविल्यावाचून निजावयास जाऊ नये. तेलाच्या कढईने पेट घेतल्यास तीवर पाणी मुळीच ओतू नये. आच बंद करून घट्ट झाकण ठेवावे. विजेची आग असल्यास आधी प्रवाह तोडावा.

शाळांविषयी तर अधिकच जागरूक असले पाहिजे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथील एका शाळेत स्वयंपाकघरातील आग गवती छपरास लागून ९४ मुले मृत्युमुखी पडली. शाळेच्या भिंतीवर लाल नळकांडे टांगलेले असते, त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, खिळ जागेवर आहे का, त्याच्या खाली बाके रचून वाट तर अडविली नाही ना, हे दरमहा पाहण्याचे काम वरच्या वर्गातील विद्यार्थी शिक्षकांसमवेत आनंदाने करू शकतील. महाराष्ट्राच्या २००६ सालच्या आगप्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे, तो ज्या इमारतींस लागू आहे त्यांच्या मालकांनी वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, आपली अग्निशमन साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. कायद्यानेही निगा ही वर्षातून दोनदा तरी करावयाची गोष्ट मानली आहे.

पालकांस एक विनंती आहे. नवा बंब येतो तेव्हा त्यास हार घालतात, नारळ फोडतात व छायाचित्रे घेतात. रबराच्या कड्या, नळ्या, बॅटऱ्या आणि माणसांचे गमबूट यांच्या खरेदीचा समारंभ कोणी करीत नाही. म्हणून अंदाजपत्रकात पहिली कात्री बहुधा ह्या खर्चास लागते. नगरपरिषदेचे अंदाजपत्रक मांडले जाईल तेव्हा बंब किती आहेत एवढेच न विचारता त्यांच्या निगेस किती पैसे ठेविले, हेही आपण नागरिक ह्या नात्याने विचारावे.

प्रभू येशूने सांगितलेला दहा कुमारींचा दृष्टान्त आपल्या शाळेतील प्रत्येक मुलामुलीस ठाऊक आहे. दिवे दहाही जणींपाशी होते. परंतु पाच जणींनी तेल बरोबर घेतले होते आणि पाच जणींनी घेतले नव्हते. वर येण्यास उशीर झाला तेव्हा दोघींत काहीच भेद दिसत नव्हता. सर्वच निजल्या होत्या. भेद दिसला तो मध्यरात्री हाक आली तेव्हा, आणि त्या वेळी तेल आणावयास जाण्याचा समय उरला नव्हता. ठाण्यात उभ्या असलेल्या बंबाची गोष्ट अशीच आहे. आपल्या लोकांत म्हण आहे की, तहान लागल्यावर विहीर खणू नये. तोच नेम विद्यार्थ्याच्या अभ्यासास, शेतकऱ्याच्या अवजारास आणि गावाच्या बंबास लागू आहे. जे काम कोणी पाहत नाही व ज्याची वाहवा होत नाही, ते नेमाने करणारी माणसे ज्या गावात आहेत, त्या गावास हाक आली असता उत्तर देता येते.